मेलेल्या जनावराचा गुण

आमचं घर हारफुलांचं. लोक म्हणतात, काय सुगंधात वाढलात हो तुम्ही. मी हसून सोडून देते. ज्या घरात रोज पोतंभर फुलं येतात त्या घरात वास असतो तो ओल्या बारदानाचा, आणि दुपारनंतर कुजायला लागलेल्या झेंडूचा. बाबा उजाडायच्या आत अमरावतीच्या फुलबाजारातून पोती आणत, सायकल भिंतीला लावत आणि कुणाशी एक शब्द न बोलता पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, जाऊन बसत. आई ओसरीवर शेवंती, झेंडू, बिजली असे ढीग वेगळे करी. दादा आणि मी केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, धागे सोलून पाण्यात टाकत असू. बोटं कायम सुरकुतलेली असायची. मग शिळी भाकर, तिच्यावर तेल-तिखट, आणि शाळा. रविवारी दुकानावर बरी विक्री झाली तर बाबा गिला वडा आणत. तेवढ्यापुरतं घर हसरं व्हायचं. एरवी आवाज म्हणजे सुई फुलाच्या देठातून जाताना होते ती कचकच. अजूनही कुठे ती ऐकली की माझी पाठ दुखायला लागते.

लग्नाचा हार आणि तिरडीचा हार एकाच ढिगातून व्हायचा. आई म्हणे, "फुलाले काय मालूम कोनाच्या गळ्यात चाललं." पण फुलांबद्दल तिचा एक कायदा होता आणि तो मोडलेला तिला खपत नसे. देवावरून, फोटोवरून, कुठूनही उतरवलेलं फूल लगेच फेकायचं नाही. कोपऱ्यात एक वेताची परडी होती. उतरलेलं फूल आधी कपाळाला लावायचं, मग एक दिवस त्या परडीत, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या संत्र्याच्या झाडाखाली. "उतरलं म्हंजे मेलं नायी," ती म्हणायची, "अजून एक दिवस त्याची सत्ता अस्ते." हे ती चांदूर बाजारहून, माहेरून घेऊन आली होती. घरात तिची चाललेली ही एकच गोष्ट. बाबांनी तिला मारलं नाही, कधी शिवी दिली नाही. ती बोलायला लागली की ते उठून जात, एवढंच. आयुष्यभर ती अशी अर्ध्या वाक्यावर थांबत आली. माहेरी दोन दिवस जाऊ का, हे विचारायलाही तिला दिवाळीपासून संक्रांत उजाडायची.

वरच्या खोलीत आम्ही भाडेकरू ठेवत असू. इंजिनिअरिंगची पोरं यायची, चार वर्षांनी जायची. त्यांतला एक दूरचा होता, गॅलरीत उभा राहून फोनवर त्याच्या भाषेत भांडायचा. तो गेला तेव्हा बुटांचं एक खोकं सोडून गेला. त्यात पत्ते होते. रमीचे नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एक चित्रविचित्र जनावर, त्याचा जोर किती, जीव किती याचे आकडे, आणि खाली बारीक इंग्रजीत त्याचा गुण. त्याने चांगले पत्ते बरोबर नेले असणार, कारण मागे उरली होती ती सगळी बिनकामाची जनावरं. ना जोर, ना जीव. गुण मात्र एकेकाचे असे तिरपागडे की वाचून हसू यावं. नियमांचं छोटं पुस्तकही होतं. अर्धं उंदरांनी खाल्लेलं.

माझा दादा, नितीन, तेव्हा बारावीला इंग्रजीत दुसऱ्यांदा आपटून घरी बसला होता. बाबा त्याच्याकडे पाहतच नसत. हाच दादा शब्दकोश मांडीवर घेऊन त्या पत्त्यांवरचं इंग्रजी ओळीओळीने सोडवायला बसला, आणि महिनाभरात त्याला प्रत्येक जनावर तोंडपाठ झालं. इंग्रजी नावं आमच्या जिभेला झेपेनात म्हणून त्याने आपली नावं ठेवली. दगडासारखी दिसणारी एक वाकलेली बाई होती, ती म्हातारी. तिला हल्ला करता येत नसे. शेजारच्या जनावरावर येणारा वार ती आपल्या अंगावर घ्यायची, हाच तिचा गुण. बेडकासारखा एक होता तो चिखल्या. त्याला जो मारायला येईल तो पुढच्या डावात, म्हणजे पुढच्या पाळीला, जागचा हलू शकत नसे. आणि एक काजवा. तो मांडलेला असेपर्यंत दर डावाला मेलेल्यांच्या ढिगातून एक दुबळं जनावर उचलून परत मांडता यायचं. बाकीची मुलं जोराच्या आकड्यांकडे बघत. दादा फक्त गुण वाचायचा. मला म्हणाला होता, "वैशू, जोर तं कोनाच्याबी अंगात अस्ते. गुण पाय, गुण."

आता पुढे सगळं ज्याच्यावर उभं राहिलं तो नियम. आम्ही ओसरीत खेळत होतो आणि दादाने माझा चिखल्या मारला. मी पत्ता उचलून बाजूला भिरकावला. आई हार ओवत बसली होती. तिने सुई थांबवली.

"असं फेकू नोको," ती म्हणाली. "आत्ता तं मेलं नं थे?"

"हाव. मंग?" दादा म्हणाला.

"मंग एक दिवस राहू दे नं त्याले. कचरा हाये काय?"

मेलेल्या जनावराचं नेमकं काय करायचं ते पान उंदरांच्या पोटात गेलं होतं. दादाने थोडा विचार केला आणि चिखल्या उचलून वरच्या अंगाला आडवा ठेवला. एक डाव तो तिथे राहणार आणि तेवढा वेळ त्याचा गुण चालू. मग कपाळाला लावून ढिगात. "तुह्या परडीवानी, आई," तो म्हणाला. आई लाजली. मी तिला लाजताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याला आईचा नियम म्हणायचा रिवाज पडला. "आईचा नियम लागला" असं कुणी म्हटलं की ती ओवता ओवता मान वर करायची.

त्या एका नियमावर दादाने आपला सगळा डाव उभा केला. म्हातारी वार झेलून मरे, आणि आडवी पडल्यावरही एक डाव झेलत राही. काजवा मेला तरी आडवा पडूनही ढिगातून म्हातारीला उठवी. म्हातारी उठली की चिखल्याला राखी. मारणारा मारून मारून दमायचा आणि शेवटी त्याच्याकडचे पत्ते संपायचे. गल्लीतली मुलं यायची, दादाने त्यांना शिकवलेलं, त्यांनी आणखी कुणाला. एका उन्हाळ्यात आमचा अख्खा मोहल्ला आईच्या नियमाने खेळायला लागला. दादा हरला, असं मला आठवत नाही. एकेका चालीला तो इतका वेळ लावायचा की समोरचा पाणी पिऊन यायचा. आता वाटतं, कुणीतरी जाऊन नेट कॅफेत तो नियम एकदा बघायला हवा होता. पण आईने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे बघायला कोण जातं?

मग अकोल्याची बातमी आली. तिथे रविवारी या खेळाची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला हे पत्ते विकणारे पुण्याचे लोक वर्षभर कामावर घेणार होते. गावोगाव फिरायचं, कॉलेजांमधून खेळ शिकवायचा, राहायची सोय त्यांची. दादाने त्या जाहिरातीचा कागद इतक्यांदा उघडला की घड्यांवर फाटला. मला त्याचं मन दिसत होतं. त्याला पुणं नको होतं, पगाराचंही फारसं नव्हतं. त्या पुढच्या खोलीत, बाबांच्या पाठीमागे त्याच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर त्याला बसायचं नव्हतं, आणि ते चुकवायला दुसरं कोणतंही दार त्याला उघडं नव्हतं.

बाबांना त्याने जेवताना सांगितलं. बाबांनी भाकरीचा घास संपवला. "जाय," म्हणाले. "एक डाव जाय. पन हारला तं दुसऱ्या दिवशीपासून दुकानात बसायचं. मंग शिक्षण नायी, पत्ते नायी, काई नायी. कबूल?"

"कबूल," दादा म्हणाला.

"पाय बरं. मंग तोंड वर करून बोलजो नोको."

त्या रविवारी आईने सांबारवडी करून दिली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती भरून गुंडाळलेल्या वड्या प्रवासात दोन दिवस टिकतात. मी दादाबरोबर जायचं ठरलं, कारण अकोल्याला आमची आत्या होती आणि आईला वाटे, एकट्या मुलाला भूक लागल्याचं कळत नाही. निघताना आईने पत्त्यांच्या खोक्यात शेवंतीचं एक फूल ठेवलं. ताजं नव्हे, देवावरून उतरलेलं, परडीतलं. "माह्या नियमानं खेळजो," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, पुढच्या खोलीत बाबांना ऐकू जाईल अशी. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काहीतरी मोहल्ल्याबाहेर, मूर्तिजापूरच्याही पलीकडे, चाललं होतं.

स्पर्धा झाली त्या अकोल्याच्या गल्लीवरून मी आज आठवड्यातून दोनदा जाते, कारण लग्न होऊन याच गावात आले. तेव्हा तिथे शिकवणी वर्ग होता, वरच्या मजल्यावर, लांब बाकांचा. आता जिम आहे. त्या रविवारी भिंतीवर रसायनशास्त्राचे तक्ते होते, वर कुरकुरणारे पंखे, आणि बाकांवर पंचवीस-तीस मुलं. त्यांच्या पत्त्यांना प्लास्टिकची आवरणं होती, खाली घालायला रबरी चटया होत्या. आमच्याकडे बुटांचं खोकं आणि आईने दिलेलं पिशवीचं कापड. दादा जराही बिचकला नाही. त्याने कापड झटकलं, नीट अंथरलं, आणि मला डोळ्यांनी सांगितलं की बघ आता.

समोर हिरव्या टी-शर्टातला एक मुलगा होता, कॉलेजातला, बोलायला गोड. पहिले काही डाव दादाने संथपणे मांडणी केली. काजवा, चिखल्या, मध्ये म्हातारी. बघायला दोन-तीन जण येऊन उभे राहिले. "हे पत्ते कोन खेळते बे," कुणीतरी हळू म्हणालं, पण त्यात हेटाळणी नव्हती, कुतूहल होतं. मला अभिमानाने रडू येईलसं झालं होतं. मग त्या मुलाने जोर लावला. म्हातारी पडली. त्याच झपाट्यात काजवाही पडला. दादाने दोघांना हळूच उचलून वरच्या अंगाला आडवं ठेवलं आणि नव्याने आलेला वार शांतपणे आडव्या म्हातारीवर घेतला.

"हे काय?" तो मुलगा म्हणाला.

"वार तिच्या अंगावर गेला," दादा म्हणाला.

"पन थे तं मेली नं भाऊ."

"हाव. म्हनून तं आडवी ठेवली. एक डाव गुण चालते तिचा."

त्या मुलाला वाटलं, दादा गंमत करतोय. मग नाही वाटलं. त्याने हात वर करून सरांना बोलावलं. स्पर्धा घेणारे ते गृहस्थ अकोल्याचेच होते, जाड भिंगांचे, स्वभावाने बरे. त्यांनी पत्ते पाहिले, दादाचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. अख्खं होतं. आमच्या उंदरांनी खाल्लेलं पान त्यांनी उघडून दादासमोर धरलं. दादाने ते वाचलं. त्याला आता ते इंग्रजी शब्दकोशाशिवाय वाचता येत होतं.

"मेलं का गेलं, भाऊ," सर म्हणाले. "टेबलावर हाये तवरिकच गुण. मेल्यावर सरका ढिगात. तुमाले हे कोन सांगतलं?"

मी तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त बाकाखाली त्याची चप्पल माझ्या पावलावर आली. "कोनी नायी," तो म्हणाला. "मीच चुकलो."

त्याने काजवा उचलला, म्हातारी उचलली. कपाळाला लावायला हात वर गेला आणि मध्येच थांबला. त्याने दोघांना ढिगात ठेवलं. पुढचं काय सांगू? ज्या नियमावर घर बांधलं तो काढून घेतल्यावर नुसती दुबळी जनावरं उरली. तो सामना गेला. दुसरा सामना त्यांच्या नियमाने खेळला तोही गेला, आणि फार लवकर गेला. बघायला उभी असलेली मुलं केव्हा निघून गेली मला कळलं नाही. सरांनी चहा दिला, पुढच्या वेळेस या म्हणाले. पुढची वेळ नव्हती हे त्यांना कुठून ठाऊक असणार. मला त्यांचा राग आला, त्या मुलाचा आला, उंदरांचा आला, आणि लाज वाटते सांगायला, क्षणभर आईचाही आला. दादाला कुणाचाच आला नाही. निदान दिसला तरी नाही.

आत्याकडे गेलोच नाही. एसटीत सांबारवडीचा डबा माझ्या मांडीवर तसाच होता. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, कुणाच्या तरी मोबाइलवर भजन चाललं होतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला.

"आईले सांगजो नोको."

"काय?"

"तिच्या नियमाचं. तिले सांगू, तिथंबी तसंच हाये."

"मंग हारला कसा म्हनून इचारन ना थे."

"थे मी पायतो," तो म्हणाला, आणि खिडकीकडे वळला.

घरी पोचलो तर आई-बाबा दोघंही दुकानात होती. बाबांनी गिऱ्हाइकाला गजरा बांधून दिला, मग विचारलं, "मंग?"

"हारलो," दादा म्हणाला.

आईच्या मांडीवर अर्धा हार होता. तिने बाबांकडे पाहिलं नाही, दादाकडेच पाहिलं. "माह्या नियमानं खेळला नं?"

"हाव, आई. त्याइचाबी तोच नियम हाये. पुस्तकात लिवला हाये, म्या वाचला." तो इतक्या सहज बोलला की मलाच क्षणभर खरं वाटलं. "मीच गडबडलो. घाई केली."

आईने सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता, आणि मला तो सहन झाला नाही. मी आत जाऊन डबा घासत बसले. बाहेर बाबा म्हणत होते, "मले मालूमच होतं. घाईचं पोट्टं हाये थे." एका चालीसाठी समोरच्याला पाणी पिऊन यायला लावणाऱ्या माझ्या भावाचं त्या दिवसापासून हे नाव पडलं. गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, पुढे त्याला बघायला आलेल्या मुलीच्या मामालासुद्धा बाबांनी तेच सांगितलं: जिंकत आलेला डाव पोट्ट्यानं घाईनं घालवला. दादा समोर बसून हार ओवत असे. त्याने एकदाही मान वर केली नाही. ते ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो स्टुलावर बसला. लोकांना वाटतं अशा गोष्टीत पुढे माणूस दारूला लागतो, नाहीतर घर सोडतो. दादाचं काहीच झालं नाही. हेच झालं. बाबा गेले, स्टूल जाऊन त्याची खुर्ची झाली. मुली पाहणं दोन-तीनदा झालं आणि थांबलं. पोट सुटलं, केस गेले. तिरडीचा हार त्याच्याइतका झपाट्याने अमरावतीत कुणी करत नसेल. आई मात्र त्या वर्षांत थोडी बोलकी झाली. गल्लीत पोरं पत्ते खेळताना दिसली की ती थांबायची आणि सांगायची, मेलेलं जनावर एक डाव राहू द्या रे, अकोल्यालेबी तसंच हाये, माह्या पोरानं पुस्तकात वाचलं. पोरांनी मोबाइलवर बघून तिला हसायला सुरुवात केली तोवर तिला नीट ऐकू येईनासं झालं होतं. हे एक बरं झालं. मी नास्तिक नाही, पण देवाने आमच्यावर केलेले उपकार मोजायला बसले तर मला एवढाच आठवतो.

आई गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. गेल्या दिवाळीत मी मुलीला घेऊन अमरावतीला गेले होते. तिला हा खेळ येतो. तिच्या वर्गात सगळेच खेळतात, घरबसल्या पत्ते मागवतात. माळ्यावर तिला बुटांचं खोकं सापडलं. तिने ते दुकानात आणून मामाच्या पायाशी मांडलं आणि एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत बसली. खोक्याच्या तळाला शेवंतीचा तपकिरी चुरा होता, तो तिने फुंकून टाकला. दादा गिऱ्हाइकाचा हार ओवत होता. त्याच्या मागे आईचा फोटो होता.

"मामा," ती म्हणाली, "ही म्हातारी मेली तर वर आडवी ठेवायची ना? एक डाव? आजी सांगायची मला."

दादाची सुई चालूच होती. "नायी," तो म्हणाला. "मेलं का गेलं. उचल अन् टाक ढिगात."

"पण आजी म्हणायची, तुम्ही स्वतः पुस्तकात—"

"आजीले मालूम नोतं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी सोपटाचा एक धागा सोलायला घेतला. तिने म्हातारी उचलली आणि ढिगात टाकली.